ग्लोब कॉर्पसचा रिव्ह्यू: 'गिव्ह द एक्झाम' म्हणणाऱ्या सोलापूरकरांसाठी खास

सरळ सांगते, इंग्लिशशी ज्याचा रोजचा संबंध येतो, मग तो शाळेतला शिक्षक असो, स्पोकन इंग्लिश क्लासवाला असो नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या ऑफिसात बसून परदेशी पार्टीला मेल टाइप करणारा असो, त्याने ग्लोब कॉर्पस एकदा तरी उघडून बघावाच. कॉर्पस म्हणजे लोकांनी खरोखर वापरलेल्या भाषेचा मोठा साठा, ज्यात हवा तो शब्द शोधून मोजता येतो. मी क्लास घेते, बरेच दिवस हे वापरतेय, आणि मला ते मुख्य एका कामासाठी आवडलंय, ते म्हणजे हॅव, टेक, गिव्ह, मेक, डू या पाच क्रियापदांवरून होणारी भांडणं. दिसायला पहिलीच्या पुस्तकातले शब्द आहेत पण आपल्या पोरांना सगळ्यात जास्त टोमणे यांच्यावरूनच खायला लागतात, आणि टोमणे मारणाऱ्याला विचारलं की बाबा रे चूक का आहे ते सांग, तर उत्तर येतं की 'असं म्हणत नाहीत'. कोण म्हणत नाहीत? कुठल्या देशात म्हणत नाहीत? ते या साइटवर बघता येतं.

आधी चीज काय आहे ते. ग्लोबल वेब-बेस्ड इंग्लिश असं मोठं नाव आहे, त्याची आद्याक्षरं जोडून स्पेलिंग विचित्र झालंय पण उच्चार ग्लोबच करायचा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत प्राध्यापक असताना मार्क डेव्हिस यांनी २०१३ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. २० देशांतली साधारण १८ लाख वेब पेजेस, एकूण १९० कोटी शब्द. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे तर आहेतच पण भारत, श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेश, सिंगापूर, मलेशिया, फिलिपिन्स, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, घाना, केनिया, टांझानिया आणि जमैका पण आहेत, म्हणजे आपलं इंग्लिश 'बिघडलेलं' म्हणून बाहेर ठेवलेलं नाही, सगळ्यांच्या पंगतीत बसवलंय. इंग्लिश-कॉर्पोरा डॉट ऑर्ग या साइटवर आहे, नाव नोंदवलं की फ्री चालतं, दिवसाला सर्चची मर्यादा असते, जास्त लागलं तर पैसे भरायचे. क्लासपुरतं फ्री अकाउंट बास होतं.

आता ही पाच क्रियापदं. यांना लाइट व्हर्ब म्हणतात, हे नाव ओट्टो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९४२ साली आलेल्या आपल्या व्याकरणाच्या भागात वापरलं तेव्हापासून रुळलं. 'हॅव अ लुक' मध्ये हॅवचा स्वतःचा अर्थ जवळपास उरलेलाच नसतो, सगळं वजन लुकवर, हॅव नुसतं काळ आणि कर्ता सांभाळायला उभं असतं. आपल्याला हे नवीन नाही, आपण तर दिवसभर असंच बोलतो. गप्पा मारतो, झोप काढतो, चक्कर टाकतो, निर्णय घेतो, शिव्या देतो, मार खातो, फोन लावतो. गप्पा मारताना कुणी कुणाला मारत नाही आणि मार खाताना कुणी जेवत नाही. कुठल्या नामामागं कुठलं क्रियापद लागणार याला फारसं लॉजिक नसतं, सवय असते, आणि सवय म्हटली की ती गावागणिक बदलणार. इंग्लिश अर्ध्या जगात पसरलेली भाषा, तिथं तर ती बदलणारच.

आणि लोक हे वापरतात ते उगाच नाही. नुसतं 'लुक' म्हटलं तर त्याला विशेषण लावता येत नाही, पण 'हॅव अ क्विक लुक', 'टेक अ लाँग हार्ड लुक' असं आत पाहिजे ते बसवता येतं. आपण 'चर्चा केली' च्या आत 'सविस्तर' घालतो तसंच. मेल लिहिणाऱ्याला तर याचा फार उपयोग, कारण 'प्लीज लुक' म्हटलं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं आणि 'हॅव अ क्विक लुक' म्हटलं की विनंती.

पहिला सर्च सगळ्यांनी हाच करावा, 'हॅव अ लुक' आणि मग 'टेक अ लुक'. क्रियापद सगळं कॅपिटलमध्ये टाइप करायचं म्हणजे हॅज, हॅड, हॅविंग ही सगळी रूपं एकदम मोजली जातात, आणि वर चार्टचा पर्याय निवडायचा. २० देशांचे २० बार समोर येतात. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हॅवच्या बाजूला, अमेरिका आणि कॅनडा टेकच्या बाजूला, आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या मागोमाग, जे साहजिक आहे कारण १८९८ ते १९४६ तिथं अमेरिकेचं राज्य होतं आणि शाळाही त्यांनीच काढल्या. अंघोळीचं पण तेच, ब्रिटिश माणूस 'हॅव अ बाथ', 'हॅव अ शॉवर' म्हणतो, अमेरिकन 'टेक'. 'हॅव अ गो' आणि 'हॅव अ थिंक' ही तर अमेरिकेबाहेरचीच मालमत्ता म्हणावी अशी. आपल्याकडे पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आणि मोबाइलवर बघायचं सगळं अमेरिकन, त्यामुळे आपण दोन्ही वापरतो आणि दोन्ही बरोबर आहेत. एवढं एक पोरांच्या डोक्यात बसलं तरी अर्धी भीती जाते.

यात एक बारकावा आहे तो मला फार आवडतो. मूळच्या पोलंडच्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेल्या आना व्येझबित्स्का नावाच्या भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी १९८२ मध्ये प्रश्न उभा केला की इंग्लिशमध्ये 'हॅव अ ड्रिंक' चालतं मग 'हॅव अन ईट' का चालत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हॅव घातलं की ते काम थोडा वेळ केलेलं, सहज केलेलं, कुठं पोचायचं नाही आणि काही संपवायचं नाही असं होतं. म्हणून 'हॅव अ स्विम' म्हणजे आपण म्हणतो ना 'जरा पोहून येऊ', तसं. नदीच्या पलीकडं जायला पोहलात तर तिथं 'हॅव अ स्विम' बसत नाही. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये कारण आपल्या भाषेत असलं कोरीव काम ठायी ठायी आहे. 'बघून घे', 'बघून ठेव', 'बघून टाक', तिन्हीत बघणं एकच पण बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते मागच्या छोट्या क्रियापदाने कळतं. क्लासमध्ये मी हेच उदाहरण देते आणि मग हॅव-टेकचा फरक रट्टा न मारता डोक्यात शिरतो.

बरं, आता आपल्या घरच्या प्रकरणाकडे येते. परीक्षा.

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि बोर्ड परीक्षा घेतं. इंग्लिशमध्ये बरोब्बर उलटं आहे, विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी परीक्षेला 'सिट' पण करतो. त्यामुळे आपला पोरगा इंटरव्ह्यूत 'आय गेव्ह द एक्झाम इन मार्च' म्हणाला तर पुण्यातल्या साहेबाला काहीच वाटत नाही, तोही तेच म्हणतो, पण समोर अमेरिकन माणूस असेल तर त्याला वाटणार हा मास्तर होता काय. आणि एखाद्या हेडमिस्ट्रेसनी परदेशातल्या संस्थेला 'वुई टुक द एग्झामिनेशन' असं लिहिलं तर वाचणारा समजणार की बाईंनी स्वतः पेपर सोडवला. 'टेक अ क्लास' चं पण असंच, आपण म्हणतो सर क्लास घेतात म्हणून 'सर इज टेकिंग क्लास', ब्रिटिश माणसाला ते समजतं, अमेरिकनाला सर स्वतःच शिकायला बसलेत असं वाटतं. इथं नुसती लकब वेगळी नाही, देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते. अशा जागी मी पोरांना स्पष्ट सांगते की बदला, परदेशी माणसाशी बोलताना 'टेक' च म्हणा.

सोलापुरात तर यात अजून एक पदर आहे जो पुण्या-मुंबईच्या क्लासवाल्यांना दिसणार नाही. माझ्या बॅचमध्ये अशोक चौकाकडची तेलुगू घरातली पोरं असतात, त्यांच्या घरी 'परीक्ष रायडम्', म्हणजे परीक्षा लिहिणं. कन्नड घरातल्या पोरींकडं 'परीक्षे बरेयोदु', तेही लिहिणंच. मराठी घरात देणं, दखनी बोलणाऱ्या घरात 'इम्तेहान देना'. त्यामुळे एकाच बाकावर एक पोरगी 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणते आणि तिच्या शेजारची 'आय रोट द एक्झाम', आणि दोघी एकमेकींना चुकीचं ठरवतात. एकदा हेच पेटलं तेव्हा मी लॅपटॉप पुढं ओढला आणि 'राइट द एक्झाम' सर्चला टाकलं. भारत तर दिसलाच पण कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकाही दिसले, कारण तिथं विद्यार्थी परीक्षा 'राइट' करतो, वर्तमानपत्रात आणि कॉलेजच्या नोटिशीत सर्रास तसंच लिहितात.

"मॅडम, मग माझंच बरोबर हाय की!" तेलुगू घरातली पोरगी.

"अगं बरोबर आहे, कॅनडात जाऊन बिनधास्त म्हण."

"आन् अमेरिकेत?"

"तिथं टेक म्हण, राइट म्हणलीस तर पेपर काढतीयेस वाटेल."

मराठी पोरीचं तोंड जरा उतरलं होतं, पण तिलाही पुढच्याच सर्चला बघायला मिळालं की 'गिव्ह' वाले पाकिस्तानापासून बांगलादेशापर्यंत पसरलेत, ती एकटी नाही. पुस्तकातलं व्याकरण एवढं सांगत नाही, ते एक उत्तर देऊन गप्प बसतं.

दुसरं मोठं प्रकरण म्हणजे 'अ' गाळण्याचं. टेक रेस्ट, टेक बाथ, टेक डिसिजन, हॅव डिस्कशन. भारत आणि शेजारच्या देशांत हे भरपूर, सिंगापूर-मलेशियाकडेही 'अ' गळतो. कारण सोपं आहे, मराठी, कन्नड, तेलुगू, मलाय, चिनी, यातल्या कुठल्याच भाषेत इंग्लिशसारखे 'अ' आणि 'द' नाहीत. पण लगेच चूक म्हणून लाल पेन उचलायच्या आधी हे बघा की इंग्लिश स्वतःच किती ठिकाणी 'अ' घेत नाही, टेक केअर, टेक पार्ट, टेक प्लेस, गिव्ह बर्थ, मेक यूज. म्हणजे 'टेक रेस्ट' हा त्याच रांगेत जाऊन उभा राहिलेला भाऊ आहे. १६११ च्या इंग्लिश बायबलात 'टेक युअर रेस्ट' आहे, तिथं रेस्टला टेकच लावलेलं आहे आणि 'अ' नाही, 'युअर' आहे. आणि नायजेरियाचं बघाल तर ते अंघोळीला 'हॅव माय बाथ' म्हणतात, म्हणजे 'अ' च्या जागी 'माझी'. एकाच अंघोळीला लंडनात 'हॅव अ', न्यूयॉर्कात 'टेक अ', लागोसात 'हॅव माय' आणि सोलापुरात नुसतं 'टेक'. मला हे चारही शेजारी शेजारी बघताना फार बरं वाटतं, आणि पोरांना दाखवलं की त्यांना आपण या नकाशावर कुठंतरी आहोत असं वाटायला लागतं.

इथं एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला पाहिजे कारण लोक सगळं एकाच पोत्यात घालतात आणि म्हणतात हे सगळं मातृभाषेतून आलंय. तसं नाही. आपण मराठीत अंघोळ 'करतो', कन्नड आणि तेलुगूतही 'करतात' च, पण आपली पोरं 'डू बाथ' म्हणत नाहीत, 'टेक बाथ' म्हणतात. म्हणजे क्रियापद इंग्लिशकडूनच घेतलं, फक्त 'अ' आपल्या सवयीने गळला. 'गिव्ह द एक्झाम' मध्ये मात्र क्रियापदच घरचं आहे. 'टेक डिसिजन' मध्ये तिसरीच गंमत, निर्णय आपण घेतोच आणि ब्रिटिश माणूसही 'टेक अ डिसिजन' म्हणतो, अमेरिकन 'मेक', त्यामुळे तिथं मराठी आणि ब्रिटिश इंग्लिशचं आपोआप जुळलं आणि ते आपल्याकडे घट्ट बसलं. तीन वाक्यं, वरवर एकाच जातीची, आणि तिघांचा आपल्यापर्यंतचा रस्ता वेगळा. मला वाटतं शिक्षकाने हे तीन रस्ते वेगळे ओळखले तर कुठं दुरुस्त करायचं आणि कुठं सोडून द्यायचं ते त्याचं त्यालाच कळतं. 'अ' गळला तर फार तर ऐकणाऱ्याला कळतं की बोलणारा आपल्या भागातला आहे, अर्थाला धक्का लागत नाही. परीक्षेला लिहायचं असेल तर 'अ' लावायला शिकवा, मार्क जातात, पण बोलताना पोरीला मध्येच तोडू नका.

ऑफिसच्या मेलमध्ये हे सगळं अजून जास्त दिसतं. टॉवेलच्या ऑफिसातला एक मुलगा माझ्याकडे मेल तपासायला आणतो, त्यात 'आय विल टेक फॉलोअप', 'वुई विल टेक अपडेट फ्रॉम ट्रान्सपोर्टर' असं असतं. आपण फॉलोअप घेतो, अपडेट घेतो, फीडबॅक घेतो, त्यामुळे टेक आपोआप येतं. बाहेरच्या इंग्लिशमध्ये तिथं लाइट व्हर्बच लागत नाही, 'आय विल फॉलो अप' संपलं, आणि अपडेटला 'गेट' किंवा 'आस्क फॉर'. 'डोन्ट टेक टेन्शन' समजतं सगळ्यांना पण ग्राहकाला लिहायचं नाही. 'टेक अ कॉल' म्हणजे निर्णय घेणं हे आपल्याकडे पार टीव्हीच्या बातम्यांत रुळलंय, अमेरिकन मात्र त्याचा अर्थ फोन उचलणं असा घेईल, त्याच्याकडे निर्णयाला 'मेक द कॉल' आहे. आणि 'डू द नीडफुल' वर सगळं इंटरनेट हसतं, पण ते मुळात जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातलंच आहे, त्यांनी सोडून दिलं आणि आपण जपलं. चार्टवर आपल्या बाजूच्या देशांसोबत नायजेरियाही त्यात दिसतो. तिकडच्या गिऱ्हाइकाला 'डू द नीडफुल' लिहिलंत तर काही बिघडत नाही, अमेरिकन किंवा ब्रिटिश गिऱ्हाइकाला नक्की काय करून पाहिजे ते लिहा.

आता एक गोष्ट सोलापूरकर म्हणून अभिमानाने सांगते. भारतीय इंग्लिशचा पहिला मोठा कॉर्पस आपल्या बाजूलाच झाला, कोल्हापूरला. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालचं भारतात छापलेलं इंग्लिश घेऊन १० लाख शब्दांचा कोल्हापूर कॉर्पस तयार केला, तो १९८६ मध्ये पूर्ण झाला, प्रत्येकी साधारण २००० शब्दांचे ५०० उतारे, अमेरिकेच्या ब्राउन कॉर्पसच्या धर्तीवर. पुढे इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश या प्रकल्पाचा भारताचा भागही शिवाजी विद्यापीठ आणि बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीने मिळून केला. २००४ मध्ये आपलं सोलापूर विद्यापीठ होईपर्यंत इथली कॉलेजं कोल्हापूरलाच जोडलेली होती, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या डिग्र्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरात भिंतीवर लागल्यात तिथंच हे काम झालं. आपल्या इंग्लिशच्या शिक्षकांपैकी किती जणांना हे कुणी सांगितलंय? सांगायला पाहिजे, बी.एड.ला सांगायला पाहिजे.

मग कोल्हापूर असताना ग्लोब कशाला, तर आकारासाठी. १० लाख शब्द ऐकायला खूप वाटतात, पण 'अ' गाळलेलं 'टेक लुक' असलं काही शोधायला गेलं की हाताला दोन-चार ओळी लागल्या तरी नशीब, त्यावरून काही बोलता येत नाही. याच कारणाने हॉफमन, हुंट आणि मुखर्जी या तिघा अभ्यासकांनी २०११ मध्ये दक्षिण आशियातल्या इंग्लिशच्या लाइट व्हर्ब्जचा अभ्यास वेबवरून गोळा केलेल्या मजकुरावर केला. त्यांचा प्रश्न भारी होता, की भारताचं इंग्लिश हे आता शेजारच्या देशांसाठी स्वतःच एक केंद्र व्हायला लागलंय का, म्हणजे श्रीलंका-पाकिस्तानवाले लंडनकडे न बघता आपल्याकडे बघायला लागलेत का. आणि हे तपासायला त्यांनी मोठे मोठे शब्द न निवडता हॅव, टेक, गिव्ह निवडले, यातच या छोट्या क्रियापदांची किंमत आली.

कॉर्पसच्या मर्यादा पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू कसला. सगळ्यात मोठी म्हणजे हे सगळं लिहिलेलं इंग्लिश आहे, वेब पेजवरचं, बोललेलं नाही. त्यात ब्लॉगसारखा ढिला मजकूर भरपूर आहे, निम्म्याहून जास्त, त्यामुळे बोलण्याच्या जवळ जातं, पण आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेत पाळण्यापाशी उभं राहून माणूस जे बोलतो ते यात नाही. बोललेलं पाहिजे तर वर सांगितलेला इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश, त्यात ५०० पैकी ३०० उतारे बोलण्याचे असतात, पण तो देशाला १० लाखच शब्दांचा. दुसरं, पेज कुठल्या देशाचं ते साइटवरून ठरवलंय, लिहिणारा माणूस कुठला ते नाही, म्हणजे भारतीय साइटवर अमेरिकन माणसाचा लेख असू शकतो. तिसरं, मजकूर २०१२-१३ च्या सुमाराचा आहे, त्यानंतरचं यात मिळणार नाही.

आकडे बघताना एक काळजी घ्याच. अमेरिका आणि ब्रिटनचे प्रत्येकी ३८ कोटींच्या वर शब्द आहेत, भारताचे साधारण साडेनऊ कोटी, आणि जमैका-टांझानियासारख्यांचे साडेतीन-चार कोटी. नुसता एकूण आकडा बघितला तर अमेरिका प्रत्येक गोष्टीत पहिली येणार. दर १० लाख शब्दांमागं किती, ही ओळ चार्टमध्येच असते, ती वाचायची, बाकीची सोडा.

आणि दुसरी काळजी त्याहून महत्त्वाची, लाइट व्हर्ब कुठलं आणि साधं क्रियापद कुठलं हे कॉम्प्युटरला कळत नाही. 'हॅव अ ड्रिंक' मध्ये पिण्याची क्रिया आहे का हातातला ग्लास, ते तुम्ही ओळ वाचून ठरवायचं. 'अ' गाळलेलं शोधताना तर फारच गोंधळ. 'हॅव लुक' असं टाकलं की 'द वन्स आय हॅव लुक न्यू' अशी ओळ पण मोजली जाते, जिथं हॅव एका वाक्याचं आणि लुक दुसऱ्याचं, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'टेक बाथ' टाकलं की 'टेक बाथ टॉवेल्स' सारखं काही येऊ शकतं, किंवा इंग्लंडातलं बाथ नावाचं गाव. तेव्हा बारवर क्लिक करायचं, खाली ओळी उघडतात, त्यातल्या निदान एक पानभर तरी डोळ्यांखालून घालायच्या. वेळ जातो पण खरी मजा त्यातच आहे, कारण वाक्यं माणसांची असतात, कुणीतरी नैरोबीत स्वयंपाकाबद्दल लिहिलेलं, कुणीतरी कोलंबोत क्रिकेटबद्दल, आणि तुमचा तो एक शब्द दोघांकडे.

कुणासाठी आहे हे? दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात थेट देऊ नका, त्यांना बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत जे चालतं तेवढं आधी पक्कं होऊ दे. शिक्षकांसाठी, डी.एड.-बी.एड. करणाऱ्यांसाठी, एम.ए. इंग्लिशला प्रोजेक्टचा विषय शोधत फिरणाऱ्यांसाठी एक नंबर. तीन भाषांच्या सोलापुरातून कुणी 'देणे' आणि 'लिहिणे' वाल्या पोरांच्या इंग्लिशवर नीट प्रोजेक्ट केला तर मला तो वाचायला आवडेल, इथं मटेरियल घरोघर आहे. ऑफिसात मेल लिहिणाऱ्यांना चार्टपेक्षा ओळी वाचायचा जास्त फायदा होईल. मोबाइलवर २० देशांचा रुंद तक्ता बघायला बारीक पडतो, लॅपटॉप किंवा नेट कॅफेचा मोठा स्क्रीन घ्या.

ताजं काही तपासायचं असेल, 'टेक अ कॉल' सध्या कुठवर पोचलंय वगैरे, तर त्याच साइटवर नाउ नावाचा दुसरा कॉर्पस आहे, २०१० पासूनच्या ऑनलाइन बातम्यांचा, त्याच २० देशांचा, आणि त्यात सतत भर पडत असते. एकाच अकाउंटवर दोन्ही चालतात. पहिल्या दिवशी 'टेक फॉलोअप' आणि 'राइट द एक्झाम' हे दोन टाकून बघा, आणि खालच्या ओळी वाचल्याशिवाय नुसत्या चार्टचा स्क्रीनशॉट स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका.